कोंबडीचे औषध, घोड्याचे विष

आपल्याकडे अन्न वाया घालवणे हे पाप मानतात. घरातली उरलेली भाकरी गायीला जाते, डाळ मिलची चुनी म्हशीच्या टोपल्यात जाते, सरकी गाळून झाली की ढेप बैलाच्या वाट्याला येते. ही काटकसर चांगलीच आहे. खानदेशातला गोठा तिच्यावरच चालतो. परंतु याच सवयीने कधी कधी एक पोते चुकीच्या दावणीला जाते. ते पोते असते कोंबडीखाद्याचे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या मळ्यात ब्रॉयलर कोंबड्यांची शेड आहे. बॅच विकली गेली आणि दीड-दोन पोती खाद्य उरले. मका आणि सोयाबीनचे ते खाद्य दिसायला छान असते व त्याला वासही चांगला येतो. ‘पडून खराब होण्यापेक्षा घोडीला घालू, लग्नसराईच्या आत अंगावर येईल,’ असा विचार कुणाच्याही मनात येणे साहजिक आहे. दुसऱ्या दिवशी घोडी घामाने भिजलेली असते, पाय लटपटतात, आणि सूर्य मावळण्यापूर्वी ती खाली पडते. घरचे म्हणतात दृष्ट लागली, शेजारी म्हणतात साप चावला. खाद्याच्या पोत्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही.

पशुपालक बांधवांनो, असा प्रसंग कोणावर येऊ नये म्हणून आजचा हा लेख. नवापूरचा परिसर कोंबडीपालनासाठी राज्यभर ओळखला जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तेथेच आढळला, त्यामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. (नवापूर तालुका १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होता, आता तो नंदुरबार जिल्ह्यात आहे.) धुळे व जळगाव जिल्ह्यांतही शेतीला जोड म्हणून कोंबड्यांच्या शेड उभ्या राहिल्या आहेत. त्याच मळ्यात गायी, म्हशी, शेळ्या, क्वचित घोडाही असतो. शहादा तालुक्यात तापीकाठी सारंगखेड्याला मार्गशीर्षात दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा घोडा आपल्याला परका नाही. म्हणून हा विषय आपल्या दाराशी आलेला आहे.

हे औषध कोणते?

कोंबड्यांना कॉक्सिडिओसिस नावाचा रोग होतो. आपण त्याला रक्ती हगवण म्हणतो. अतिसूक्ष्म एकपेशीय परजीवी आतड्यात वाढतात, आतड्याचे अस्तर खरवडले जाते आणि पिल्ले मरतात. हजारो पक्षी एका छताखाली, एकाच तुसाच्या गादीवर राहू लागले, तेव्हा हा रोग आटोक्यात ठेवण्यासाठी खाद्यातूनच रोज थोडे औषध देण्याची पद्धत आली. त्यातील प्रमुख औषधांचा वर्ग म्हणजे ‘आयनोफोर’ प्रतिजैविके. मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन, लॅसॅलोसिड, नॅरासिन आणि मदुरामायसिन ही त्यांची नावे.

ही औषधे मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळतात. लॅसॅलोसिड १९५१ मध्ये सापडले. मोनेन्सिनची माहिती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७१ मध्ये अमेरिकेत ते कोंबड्यांसाठी बाजारात आले. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे ते बैलांच्या खाद्यातही वापरले जाऊ लागले, कारण गाईगुरांच्या पहिल्या पोटातील काही जंतूंना ते आवर घालते. त्यामुळे तेथे तयार होणारा मिथेन वायू घटतो व तेवढ्याच चाऱ्यातून जनावराला अधिक शक्ती मिळते. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून जनावरांची वाढ व्हावी म्हणून प्रतिजैविके देण्यास बंदी घातली. परंतु कोंबड्यांच्या रक्ती हगवणीसाठी आयनोफोर तेथेही चालू राहिले.

म्हणजे औषध वाईट नाही. योग्य पक्ष्याला, योग्य मात्रेत दिले तर ते उपकारकच आहे. अडचण आहे ती मात्रेची आणि जातीची.

पेशीत काय घडते?

प्रत्येक प्राण्याचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. पेशीभोवती एक पातळ तेलकट पडदा असतो. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, तेलात विरघळत नाहीत. त्यामुळे त्यांना या पडद्यातून वाटेल तसे जाता येत नाही. त्यांच्यासाठी ठराविक दारे असतात आणि त्या दारांवर पहारा असतो. सोडियम बाहेर जास्त आणि पोटॅशियम आत जास्त, हा तोल सांभाळण्यासाठी पेशी रात्रंदिवस शक्ती खर्च करीत असते. हृदयाचा ठोका आणि स्नायूंची हालचाल याच तोलावर चालतात.

आयनोफोर हा या नदीवरचा चोरटा नावाडी समजा. त्याचा रेणू आयनाला आपल्या पोटात घेतो. बाहेरून तो स्वतः तेलकट असल्याने पडद्यातून सहज पार होतो, पलीकडे उतारू सोडतो आणि पुन्हा दुसरा घेण्यास परत येतो. मोनेन्सिनला सोडियम अधिक आवडतो, सॅलिनोमायसिनला पोटॅशियम. लॅसॅलोसिड तर कॅल्शियमलाही नावेत घेते. पहारेकरी दारावर उभे आणि माल मागच्या वाटेने चालला, असा हा प्रकार.

आतड्यातील परजीवी इवलासा असतो. त्याच्या पेशीत सोडियम शिरतो, मागोमाग पाणी शिरते, ती फुगते आणि फुटते. कोंबडीला मिळणारी मात्रा इतकी थोडी असते की तिच्या स्वतःच्या पेशी तो भार पेलतात. मात्रा वाढली किंवा प्राणीच नाजूक असला, तर तीच गत त्या प्राण्याच्या पेशींची होते. सोडियम आत साठतो, त्याच्या बदल्यात कॅल्शियम आत येतो. बांध फुटलेल्या शेतातून पाणी उपसत बसावे तशी पेशी आपली सगळी शक्ती खर्च करून बसते. शक्ती तयार करणारे पेशीतले कारखाने बंद पडतात. सर्वांत जास्त शक्ती लागते ती हृदयाला आणि हातापायांच्या स्नायूंना, म्हणून पहिला घाव तेथेच बसतो. स्नायूंचे तंतू मरतात. हृदयाचे मेलेले तंतू पुन्हा तयार होत नाहीत, त्यांच्या जागी फक्त व्रण राहतो.

कोणाला किती सोसते?

येथेच खरी गोम आहे. ज्या मात्रेने निम्मी जनावरे दगावतात, ती मात्रा मोनेन्सिनच्या बाबतीत शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण अशी आहे : कोंबडी सुमारे २०० मि.ग्रॅ., गाय-बैल सुमारे २२ ते ८०, शेळी सुमारे २६, डुक्कर सुमारे १७, मेंढी सुमारे १२ आणि घोडा अवघा २ ते ३ मि.ग्रॅ. कोंबडी आणि घोडा यांच्यात जवळजवळ शंभर पटींचा फरक. सॅलिनोमायसिन तर घोड्याला त्याहून जहाल, किलोमागे सुमारे ०.६ मि.ग्रॅ. घोड्याचे यकृत हे औषध फार सावकाश मोडते, हे यामागचे एक मुख्य कारण आहे. गाढव आणि खेचर ही घोड्याचीच भावंडे, त्यांनाही तितकेच जपले पाहिजे.

आता हिशेब करून पाहू. कोंबडीच्या एक टन खाद्यात सॅलिनोमायसिन साधारण ६० ग्रॅम असते, म्हणजे एका किलोत ६० मि.ग्रॅ. तीनशे किलोच्या घोड्याला ०.६ मि.ग्रॅ. प्रमाणे १८० मि.ग्रॅ. पुरे होते. म्हणजे नीट मिसळलेले, काहीही चूक नसलेले खाद्य फक्त तीन किलो! आणि खाद्यात मिसळण्याची जी कोरडी पूड मिळते, जिला ‘प्रिमिक्स’ म्हणतात, ती बारा टक्क्यांची असेल तर अवघा दीड ग्रॅम. एवढी पूड सांडलेल्या घमेल्याच्या काठालाही चिकटून राहते.

गाई-म्हशींचे तसे नाही. नीट मिसळलेल्या मोनेन्सिनयुक्त कोंबडीखाद्याचे एखादे घमेले खाल्ले म्हणून मोठी म्हैस लगेच दगावेल असे हिशेबाने दिसत नाही. पण याचा अर्थ तिला ते चालते, असा मुळीच नाही. का, ते पुढे पाहू.

विषबाधा कोणत्या वाटांनी येते?

पहिली वाट, चुकीचे पोते. कोंबडीचे खाद्य घोड्याला, मेंढीला किंवा वासराला घातले जाते.

दुसरी वाट, चुकीचे मिश्रण. घरी किंवा लहान गिरणीत खाद्य भरडून फावड्याने मिसळले, तर औषध सारखे पसरत नाही. वरच्या भागात काहीच नसते आणि तळच्या एका पोत्यात दहा पोत्यांचे औषध उतरते. ग्रॅमच्या जागी चुकून दहापट माप पडले तरीही तेच. कोंबडीखाद्य भरडलेल्या यंत्रात न साफ करता लगेच गुरांचा भरडा काढला, तर आधीचे औषध त्यात येते.

तिसरी वाट, कोंबडीखत. शेडमधील तूस, विष्ठा आणि सांडलेले खाद्य यांचे मिश्रण पिकासाठी उत्तम खत आहे. पण त्यात प्रथिने असतात म्हणून काही ठिकाणी ते गुरांनाही चारले गेले. दक्षिण आफ्रिका आणि इस्रायल या देशांत मदुरामायसिन दिलेल्या कोंबड्यांचे असे खत खाऊन गाईगुरे व मेंढ्या हृदय निकामी होऊन मेल्याच्या नोंदी १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाल्या. मदुरामायसिन कोंबड्यांना टनामागे फक्त पाच ग्रॅम देतात, तरीही हे घडले. अशा खतात मेलेली कोंबडी कुजलेली असेल तर बॉट्युलिझम या दुसऱ्या भयंकर विषबाधेची भर पडते. बांधावर टाकलेल्या खताच्या ढिगात सांडलेले दाणे टिपायला शेळ्या जातात, तेही याच वाटेत येते.

चौथी वाट, दोन औषधांची गाठ. कोंबड्यांना श्वसनाच्या रोगासाठी टियाम्युलिन हे औषध देतात. ते यकृताचे काम मंदावते. खाद्यात मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन किंवा नॅरासिन असताना पाण्यातून टियाम्युलिन दिले, तर आयनोफोर अंगात साठते आणि नेहमीच्या मात्रेतही कोंबड्यांना विषबाधा होते. पक्षी पाय मागे ताणून छातीवर पडून राहतात, पंख गळतात, खाणे बंद होते. म्हणून ही दोन औषधे एकत्र देत नाहीत, दोहोंत किमान सात दिवसांचे अंतर ठेवतात.

मांजर-कुत्रेही यातून सुटलेले नाहीत. १९९६ मध्ये नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमध्ये मांजरांच्या तयार खाद्यात सॅलिनोमायसिन मिसळले गेले आणि शेकडो मांजरांचे पाय लुळे पडले. मोठ्या कारखान्यात ही चूक होऊ शकते, तर आपल्या मळ्यातील फावड्याची काय कथा!

लक्षणे कशी ओळखावीत?

घोड्यात सर्व काही झपाट्याने होते. खाणे सुटते, दरदरून घाम येतो, पोट दुखल्यासारखे जनावर बेचैन होते, मागचे पाय लटपटतात, छाती धडधडते. बारा ते छत्तीस तासांत मृत्यू येऊ शकतो.

गाई-म्हशीत पहिली खूण म्हणजे त्या खाद्याकडे पाठ फिरवणे. मग पातळ शेण, सुस्ती, चालताना अडखळणे, धाप लागणे. काही दिवसांनी गळ्याखाली व छातीखाली पाणी उतरून सूज येते, मानेची शीर फुगलेली दिसते. लघवी काळ्या चहासारखी गडद होऊ शकते, कारण मेलेल्या स्नायूंतला रंग त्यात उतरतो. मेंढ्या आणि कुत्र्यांत पायांचा लुळेपणा ठळक असतो.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. जनावर वाचले म्हणजे संकट टळले असे नाही. हृदयावर व्रण राहिलेला बैल दोन-तीन आठवडे ठणठणीत दिसतो आणि नांगराला जुंपल्यावर तासातच कोसळतो. घोडाही वरातीत नाचता नाचता पडू शकतो.

इतर रोगांशी गल्लत

घटसर्पात सडकून ताप असतो आणि घशाला सूज येते. या विषबाधेत बहुधा ताप नसतो. गोचीडतापात लघवी लाल होते, पण तेथेही ताप असतो व अंगावर गोचिडी सापडतात. ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन होणारी बाधा मिनिटांत येते. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा बसका आजार हा कॅल्शियमच्या कमतरतेचा असतो. सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉल हे द्रव्य अति झाले, तर तेही लहान वासरांचे हृदय बिघडवते, आणि आपल्या कापूसपट्ट्यात ही शक्यता डॉक्टरांना नेहमी ध्यानात ठेवावी लागते. मग ओळखायचे कसे? एकच प्रश्न विचारावा : गेल्या आठवड्यात खाद्य बदलले का? एकाच गव्हाणीतली अनेक जनावरे एकदम आजारी पडली आणि नवे पोते नुकतेच फोडले असेल, तर संशय खाद्यावरच घ्यावा.

उपचार आहे काय?

स्पष्ट सांगायचे तर या विषावर उतारा नाही. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे. खाद्य ताबडतोब बंद करावे आणि नुसता चांगला चारा व पाणी द्यावे. जनावराला सावलीत, शांत ठेवावे. चालवून दवाखान्यात नेऊ नये, डॉक्टरांना गोठ्यात बोलवावे. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेसाठी फोन करता येतो.

डॉक्टर पोटातील विष शोषण्यासाठी सक्रिय कोळसा देतात, रेचक देतात, सलाईन लावतात आणि आवश्यक वाटल्यास जीवनसत्त्व ई व सेलेनियम यांचे इंजेक्शन देतात. सेलेनियम जास्त झाले तर तेही विषच, म्हणून दुकानातून आणून स्वतः टोचू नये. बसलेली म्हैस दिसली की शिरेतून कॅल्शियमची बाटली सोडण्याची घाई आपल्याकडे फार. हृदय घायाळ असताना तीच बाटली जीवघेणी ठरू शकते. हृदयासाठीचे डिजिटालिस हे औषधही या विषबाधेत देत नाहीत. लटपटणाऱ्या जनावराला नळीने तेल पाजू नये, कारण ते फुप्फुसात जाते. वाचलेल्या जनावराला डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत कामाला जुंपू नये.

जनावर दगावले तर शवविच्छेदन अवश्य करून घ्यावे. हृदयावर व मांड्यांच्या स्नायूंत फिकट पट्टे दिसतात. फार लवकर मृत्यू आला तर काहीच दिसत नाही, म्हणून संशयित खाद्याचे किलोभर नमुने स्वच्छ पिशवीत बंद करून, तारीख व पोत्यावरची चिठ्ठी जपून ठेवावी. चिठ्ठी नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

माणसाला धोका आहे का?

कोंबडीच्या मांसाबद्दल घाबरण्याचे कारण नाही. औषध बंद करून किती दिवसांनी पक्षी विकायचे हे औषधाच्या पाकिटावर लिहिलेले असते, ते मात्र पाळले पाहिजे. अंड्यांचे जरा निराळे आहे. लॅसॅलोसिडसारखे औषध अंड्यात उतरते, म्हणून अंडी देणाऱ्या कोंबड्यांना, घरच्या गावरान कोंबड्यांनासुद्धा, ब्रॉयलरचे औषधी खाद्य घालू नये. आयनोफोर माणसांच्या रोगांवर वापरली जात नाहीत. याचे कारणही हेच, आपल्या स्नायूंना ती सोसत नाहीत. ब्राझीलमध्ये मोनेन्सिन पोटात गेलेल्या एका तरुणाचा स्नायू, मूत्रपिंड व हृदय निकामी होऊन मृत्यू झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमध्ये सॅलिनोमायसिनची बाधा झालेल्या एका माणसाचे स्नायू गंभीररीत्या झिजल्याची नोंद २००४ मधली आहे. तेव्हा प्रिमिक्स हाताळताना नाक-तोंडाला फडके, हातात मोजे आणि नंतर साबणाने हात धुणे, हे हवेच. प्रिमिक्सचा रिकामा डबा घरात पीठ-मीठ ठेवायला वापरू नये.

एवढे पाळावे

कोंबडीखाद्य आणि गुरांचे खाद्य वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावे. एकच खोली असेल तर मधे पक्का आडोसा आणि दाराला कडी हवी, कारण सुटलेली घोडी रात्रीतून पोते फाडते. दोन्ही पोत्यांना वेगळ्या रंगाची दोरी बांधावी, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्या सालदारालाही चूक कळेल. घमेली व फावडी वेगळी ठेवावीत. पोत्यावरची चिठ्ठी विकत घेतानाच वाचून घ्यावी. दुकानदाराला ‘यात आयनोफोर आहे का’ असे सरळ विचारण्यात कमीपणा नाही. कोंबडीखत शेतात टाकावे, गव्हाणीत कधीही नाही. ते पसरल्यावर लगेच मातीत मिसळावे. उरलेले खाद्य पुढच्या बॅचला वापरावे किंवा दुसऱ्या कोंबडीवाल्याला द्यावे.

एक म्हैस म्हणजे घरातल्या मुलांचे दूध आणि शाळेची फी. घोडी म्हणजे लग्नसराईतली कमाई. दीड पोते खाद्य वाचवण्यापायी ते सारे पणाला लावू नये. आज संध्याकाळी गोठ्यात गेलात की कोपऱ्यातले ते बिनचिठ्ठीचे पोते आधी बाहेर काढा.